धाकूने पास केलेली गाडी

नौपाड्यातल्या जुन्या घरांत गाडी घ्यायची ठरली, की पहिला प्रश्न रंगाचा नसतो आणि हप्त्याचाही नसतो. "धाकूला दाखवली का?" असं विचारतात. हा धाकू कोणी इंजिनिअर नाही, त्याचं गॅरेज नाही, आणि घरात चार चाकांचं म्हणाल तर नातवाची प्लॅस्टिकची जीप तेवढी आहे. धाकू रेवाळे हा डॉक्टर सुमती टिपणीस यांचा ड्रायव्हर. एकतीस वर्षं त्याने एकाच बाईंची गाडी चालवली, आणि त्या एकतीस वर्षांत बाईंचे भाऊ, मावसभाऊ, कॉलेजातले सोबती, पेशंटांचे वडील अशा साठेक लोकांना गाड्या पारखून दिल्या. नापास केलेल्या त्याहून जास्त. शोरूमवाले त्याला वचकून असत, कारण हा माणूस चहाबिस्किटाला बधत नसे.

त्याची तपासणी बघण्यासारखी असायची. आधी तो गाडीभोवती हात मागे बांधून तीन फेऱ्या नुसत्या मारायचा, मुलगी बघायला आलेल्या मामासारखा. मग दार आणि पत्रा यांच्या फटीतून अंगठ्याचं नख फिरवायचा, उकिडवं बसून टायरवरचे आकडे वाचायचा, चारही दारं एकेक करून लावायचा आणि डोळे मिटून त्यांचा आवाज ऐकायचा. खिशात सुतळी असायची, तिला गाठी मारलेल्या. एक गाठ गिऱ्हाइकाच्या पार्किंगच्या लांबीची, दुसरी रुंदीची. "टेप आकडा सांगते," तो म्हणायचा, "सुतळी बसतंय की नाय ते सांगते." हे त्याने इतक्यांदा ऐकवलेलं, की बाईंच्या दवाखान्यातल्या रीटा सिस्टर ते त्याच्या आधीच म्हणून टाकायच्या.

बाई मुलांच्या डॉक्टर. नौपाड्यातला दवाखाना त्यांनी सहा वर्षांपूर्वी बंद केला, पण बुधवार सोडला नाही. दर बुधवारी तासाभरावरच्या शहाडला एका देवळामागच्या खोलीत त्या रीटा सिस्टरना सोबत घेऊन मुलं फुकट तपासायच्या. बहुतेक पोरं दम्याची. आया सकाळी आठपासून ओट्यावर बसलेल्या असत आणि बाईंची गाडी वळणावर दिसली की पदर सारखा करून उभ्या राहत. धाकू राहायला शहाडलाच. चौऱ्याण्णव साली त्याची चार वर्षांची रतन याच खोलीत आली, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. बाईंनी तिला तीन तास मांडीवर धरून वाचवली. महिन्याभराने बाईंचा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला, तेव्हा त्यांनी दाराशी बसलेल्या बापाला विचारलं, "तुला गाडी येते का रे?" येत होती. तेव्हापासून शहाडात लोक त्याला रेवाळे म्हणत नाहीत, बाईंचा धाकू म्हणतात. खरं सांगायचं तर एवढी एकच इस्टेट त्याच्याकडे होती.

आता बाई सत्त्याहत्तरच्या. गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं, सांधा नवीन बसवला. हाडांच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, की बसताना गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये, नाहीतर सांधा निखळेल. हे सांगितलं तेव्हा धाकू वॉकर घेऊन तिथेच उभा होता. त्याने ते नीट ऐकलं, घरी जाऊन बायकोलाही सांगितलं. त्याच सुमारास जुन्या डिझेल गाडीची पंधरा वर्षं भरली. बाईंची मुलगी संचिता घोडबंदर रोडला राहते, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिचं म्हणणं, आई, आता पुरे झालं, बुधवारही बंद कर. मायलेकींची खडाजंगी झाली. शेवटी बाईंनी तडजोड सांगितली: मला न दुखवता शहाडला नेऊन आणील अशी गाडी मिळाली तर बुधवार चालू, नाही मिळाली तर दसऱ्यापासून बंद.

"आणि विजेवरची हवी," बाई म्हणाल्या. "दम्याच्या पोरांना तपासायला मी पंधरा वर्षं धूर सोडत जातेय. आता तरी लाज वाटू दे मला."

लहान हवी, कारण सोसायटीतली जागा दोन खांबांमधली. आरामाची हवी, कारण खुबा. उंच हवी, कारण बाईंना खाली वाकून शिरता येत नाही. संचिताने फोनवर शोधून एक परदेशी कंपनीची गाडी काढली, जिला शोरूमवाले लक्झरी कॉम्पॅक्ट म्हणत होते. किंमत ऐकून धाकूने दोन्ही कान धरले. बाई म्हणाल्या, "किमतीचं माझ्यावर सोड. तू बघून ये."

"बाई, तुम्ही पण चला की एकदा."

"शोरूमला पायऱ्या आहेत म्हणे. आणि तू बघितलीस म्हणजे मी बघितली."

असं कोणी म्हटलं की माणसाची छाती फुगते. धाकूचीही फुगली, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

घोडबंदर रोडच्या शोरूममध्ये सूरज नावाचा पोरगेला विक्रेता त्याच्या वाट्याला आला. त्याने काचेसारखं चकचकीत बोलायला सुरुवात केली. "काका, बाहेरून छोटी, आतून राजेशाही! काचेचं छप्पर, मसाजवाली सीट, झिरो टू हंड्रेड..."

"थांब रे," धाकू म्हणाला. "आधी बोनेट उघड."

बोनेट उघडलं तर आत प्लॅस्टिकचं एक झाकण. धाकू मिनिटभर त्याच्याकडे बघत उभा राहिला. गेली चाळीस वर्षं जिथे कान लावला, तिथे ऐकायला काही नव्हतंच. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, हे आपलं काम नाही, इंजिनिअरला विचारा. पण धाकू हट्टाचा माणूस. त्याने ठरवलं की ही विद्यासुद्धा शिकायची. पुढचे तीन आठवडे त्याने त्या सूरजला असा पिळून काढला की पोरगा स्वप्नात धाकूला बघत असावा.

चारशे किलोमीटर लिहिलंय, खरे किती? धाकूने एसी लावून, डिकीत पाण्याचे कॅन भरून ती शहाडला नेली आणि आणली, आणि हिशेब केला की तीनशे धरायचे, पावसाळ्यात अडीचशे. गायमुखच्या चढावर ती दमते का? दमत नव्हती, उलट उतारावर पाय उचलला की आपली आपण हळू होत होती आणि बॅटरी भरत होती. हे धाकूला फार आवडलं. जादाचं चाक नाही, पंक्चर झालं तर फक्त हवा भरायची डबी, हे अजिबात आवडलं नाही. एसीची झडप फिरवायलासुद्धा पडद्यावर बोट लावावं लागतं, याबद्दल त्याने सूरजला दोन शब्द सुनावले. खड्ड्यात गाडी आदळत नव्हती. स्टेअरिंग एका बोटाने फिरत होतं. दार नव्वद अंशात उघडत होतं, म्हणजे वॉकर दाराशी लावता येत होता. वॉकर डिकीत आडवा बसतो की नाही हे बघायला त्याने घरून वॉकर नेला होता.

आणि सीटची उंची. त्यासाठी त्याने सुतळीला नवीन गाठ मारलेली. बाईंच्या घरातली ती उंच खुर्ची, जिच्यावर त्यांना डॉक्टरांनी बसायला सांगितलं होतं, तिची जमिनीपासूनची उंची त्या गाठीत होती. मागचं दार उघडून, बाहेर उभं राहून धाकूने सुतळी जमिनीपासून सीटपर्यंत धरली. गाठ बरोब्बर सीटच्या कडेला आली. त्याने सीटवर पंजा दाबून बघितला, मऊ पण खचणारी नाही. तो खूश झाला.

"काका, आत बसून बघा ना," सूरज म्हणाला. "मी चालवतो, तुम्ही आरामात मागे बसा. एक राउंड मारू."

धाकू हसला. "मागे बसायचं काम माझं नाय."

"अहो, कोण बघतंय इथे?"

"मी बघतोय ना."

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. धाकू मंडणगडकडून पंधराव्या वर्षी शहाडला चुलत्याकडे आला, आणि देवराम नावाच्या जुन्या ड्रायव्हरने त्याला गाडी शिकवली. देवराम एका शेटची गाडी चालवायचा. एकदा शेट कुठे लग्नाला आत गेलेले, बाहेर धाकू मागच्या गादीवर टेकला आणि त्याला डुलकी लागली. देवरामने त्याला कानफटात मारून उठवलं. मालकाच्या जागेवर बसणारा ड्रायव्हर आणि मालकाच्या ताटात जेवणारा नोकर, दोघांची लायकी एकच, असं तो म्हणाला. ते धाकूच्या हाडात गेलं. त्यानंतर तो कुठल्याही गाडीत मागे बसला नाही. साठ गाड्या पास केल्या, साठही पुढे बसून. रतनच्या लग्नात भाड्याची गाडी केली तेव्हासुद्धा नवरीचा बाप ड्रायव्हरच्या शेजारी. रीटा सिस्टर हसायच्या, पण धाकूला यात कमीपणा वाटत नसे, उलट अभिमान वाटे. मला मात्र त्या देवरामचा राग येतो. मरून पंचवीस वर्षं झाली त्याला, पण येतो.

धाकूने बाईंना अहवाल दिला. "आधी वाईट काय ते सांग," ही बाईंची नेहमीची पद्धत. त्याने जादाच्या चाकाचं सांगितलं, पडद्याचं सांगितलं, चारशेतले शंभर खोटे असल्याचं सांगितलं. बाईंनी विचारलं, "आणि माझं बसणं?"

"सुतळीने मोजलंय बाई. तुमच्या खुर्चीएवढीच उंच. एका दोऱ्याचा फरक नाय."

"मग पास?"

"पास."

सोसायटीत चार्जिंगचं यंत्र बसवायला सेक्रेटरीने दोन महिने रडवलं. आग लागली तर कोण जबाबदार, असा त्यांचा सवाल. हे तेच गृहस्थ, ज्यांच्या जिन्याखाली रद्दी आणि रंगाचे डबे छताला टेकलेत. पण धाकूने रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचा धडाका लावला आणि शेवटी सही मिळवली. दसऱ्याला गाडी आली. टेंभी नाक्यावर देवीच्या निरोपाची गर्दी, त्यातून धाकू ती एक ओरखडा न लागता घेऊन आला. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. रीटा सिस्टरनी स्वतःच्या पर्समधून पवित्र पाण्याची बाटली काढून बोनेटवर शिंपडलं. "आता दोन्हीकडचा इन्शुरन्स झाला," त्या म्हणाल्या. सगळे हसले. त्या दिवशी बाई मागे बसून नुसत्या गोखले रोडपर्यंत जाऊन आल्या. उतरताना म्हणाल्या, "गुडघे जरा वर येतात का रे यात?"

"नवी हाय बाई. सीट बसेल."

"तू बघितलीस ना? मग ठीक."

बाई डॉक्टर. त्यांना कळलं नसेल असं कसं म्हणावं? पण त्यांनीही ते मनावर घेतलं नाही. माणसाचा एकदा भरवसा बसला की स्वतःचं अंग ओरडत असलं तरी तो आधी भरवशाचं ऐकतो.

पहिल्या बुधवारी शहाडला पोचेपर्यंत बाईंचा चेहरा उतरला होता. तरी त्यांनी तीस पोरं तपासली आणि परत येताना डोळे मिटून बसल्या. दुसऱ्या बुधवारी रीटा सिस्टरनी जाड उशी आणली. उशीवर बसल्यावर गुडघे खाली आले, पण डोकं त्या काचेच्या छताला टेकलं. बाई मान वाकडी करून दुर्गाडीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "काढ गं ती उशी."

तिसऱ्या बुधवारी त्यांना पुढे बसवलं. पुढची सीट खोलगट, दोन्ही बाजूंनी वर आलेली, वळणावर माणसाला धरून ठेवणारी. तिने बाईंनाही धरून ठेवलं. शहाडला ओट्यावरच्या बायका उभ्या राहिल्या आणि बाईंना सीटमधून उठताच येईना. धाकूने काखेत हात घातला, रीटा सिस्टर पाठीमागून ढकलू लागल्या, शेवटी दोन आया पुढे येऊन त्यांनी ओढून बाहेर काढलं. बाईंचा चष्मा खाली पडला. ज्या बाईंपुढे आवाज चढवायची कोणाची छाती नव्हती, त्या बाई पोराबाळांसमोर अशा उपसून काढल्या गेल्या. धाकूने चष्मा पुसून दिला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याला रडायला आलं, पण ड्रायव्हरने रडायचं नसतं, हेही देवरामनेच शिकवलेलं.

चौथ्या बुधवारी बाई म्हणाल्या, "मी मागेच बसणार. तासाभराचा तर प्रश्न आहे."

जाताना झालं नाही. परत येताना, कोनगाव सोडल्यावर, रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता म्हणून धाकूने गाडी जरा उजवीकडे घेतली आणि चाक खड्ड्यात गेलं. मोठा खड्डा नव्हे. गाडी आदळलीसुद्धा नाही, तेवढी ती चांगली होती. इंजिनाचा आवाज नसतो अशा गाडीत, म्हणून बाईंचा श्वास अडकलेला त्याला स्पष्ट ऐकू आला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "धाकू, गाडी थांबव. माझा खुबा निखळला."

त्यांनी ते एखाद्या पोराच्या आईला सांगावं तसं सांगितलं. पुढचा पाऊण तास, माजिवड्याच्या कोंडीतून हॉस्पिटल गाठेपर्यंत, त्या एकदाही ओरडल्या नाहीत. रीटा सिस्टर त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरून मोठ्याने प्रार्थना म्हणत होत्या. धाकू गाडी चालवत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की आपल्याला गाडी चालवता येत नाही.

सांधा परत बसवला, पण हाड चिरलं होतं. पुन्हा ऑपरेशन करण्याएवढं त्यांचं हृदय धड नव्हतं. आता पलंग आणि खुर्ची, एवढंच, असं डॉक्टरांनी सांगितलं. संचिता हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होती. ती चिडेल, चार शब्द बोलेल, असं धाकूला वाटत होतं, आणि ते त्याला हवंही होतं. तिने फक्त विचारलं, "मामा, टेस्ट ड्राइव्हला मागे कोण बसलेलं?"

"कोण नाय," धाकू म्हणाला.

मग तिला फोन आला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीत कोणी नव्हतं. धाकूने गाडीचं मागचं दार उघडलं. चपला बाहेर काढल्या आणि आत बसला. एका क्षणात कळलं. बॅटरी गाडीच्या तळाशी असते, म्हणून आतली जमीन वर आलेली असते. बाहेरच्या जमिनीपासून सीट बाईंच्या खुर्चीएवढी उंच होती, पण पाय काही बाहेरच्या जमिनीवर नसतात. त्याचे गुडघे पोटाशी आले होते, उकिडवं बसल्यासारखे. सत्तावन्न वर्षांच्या धडधाकट माणसाच्या मांड्या दोन मिनिटांत भरून आल्या. सुतळी त्याने बाहेर उभं राहून धरलेली, जिथे ड्रायव्हर दार धरून उभा राहतो तिथून. तीन आठवडे, गायमुखचा घाट, पाण्याचे कॅन, वॉकर, सगळं बघितलं. जे बघायला दोन मिनिटं लागली असती, ते बघितलं नाही. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात. पण तो स्वतः बुडतो. हा दुसऱ्याला घेऊन बुडाला.

बाईंना घरी आणल्यावर तो त्यांच्या पलंगाशी जाऊन उभा राहिला. रीटा सिस्टर खोलीत औषधं लावत होत्या.

"बाई, मी मागे बसून बघितलं नव्हतं."

"संचिता म्हणाली मला."

"तो पोरगा सांगत होता बसा म्हणून. दोनदा बोलला. मीच नाय बसलो."

"का रे?"

"ड्रायव्हर मागे बसत नाय," तो शेवटी म्हणाला.

"मागच्या वर्षी तुला ताप होता," बाई म्हणाल्या, "आठवतं? आपण शहाडहून येत होतो. रीटाला गाडी येते. ती म्हणाली, मी चालवते, धाकूला मागे आडवा होऊ दे. तू नको म्हणालास. आणि मला बरं वाटलं होतं. तू नको म्हणालास याचं मला बरं वाटलं होतं, धाकू. एकतीस वर्षांत मी तुला एकदाही मागे बस म्हटलं नाही."

"तुम्ही कशाला म्हणाल बाई..."

"तेच तर," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच कानाकडे ओघळू दिलं. रीटा सिस्टर पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. धाकूला वाटलं होतं, कबूल केलं की ओझं उतरेल. उतरलं तर नाहीच, आता ते दोघांचं झालं.

थोड्या वेळाने बाईंनी उशाखालून शहाडच्या खोलीची किल्ली काढली. "बुधवारी जाऊन खोली रिकामी करून दे. औषधं रीटाकडे दे, ती कोणाला द्यायची ते बघेल. वजनकाटा तिथल्या बालवाडीला. गाडी मग संचिता घेऊन जाईल, ती स्वतः चालवते." किल्ली त्याच्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, "तुझं काय करायचं ते मला सुचत नाही रे."

"माझं काय बाई," धाकू म्हणाला. त्याने किल्ली खिशात टाकली.

मधल्या दिवसांत नौपाड्यातल्या एका दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनाही विजेवरची घ्यायची होती, धाकूने एकदा बघावी. धाकू म्हणाला, मी आता बघत नाय. डॉक्टरांना वाटलं त्याने भाव वाढवला. त्यांनी शंभर मिनतवाऱ्या केल्या. त्याने फोन ठेवून दिला.

बुधवारी तो एकटाच गाडी घेऊन शहाडला गेला. बाईंना काय झालं हे त्याने घराबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिथे कोणाला नीट ठाऊक नव्हतं. मागचे दोन बुधवार खोली बंद दिसली, तरी बाया येऊन बसतच होत्या, आज येतील म्हणून. गाडी वळणावर दिसली तशा त्या उठल्या. एकीने पोराचं नाक पुसलं, दुसरीने जुने कागद पिशवीतून काढून हातात धरले. बाईंना ओढून काढावं लागल्याचा प्रसंग लक्षात होता, म्हणून दोघी जणी आपणहून पुढे धावल्या, बाईंना हात द्यायला. त्यातली एक शांताबाई, नातवाला घेऊन यायची. गाडी थांबायच्या आत तिने मागचं दार उघडलं.

आत कोणी नव्हतं.

"मामा, बाई कुठायत?"

धाकू उतरला. वाटेत त्याने काय सांगायचं ते जुळवलं होतं, बाईंचं वय झालं, तब्येत बरी नाही, असं काहीबाही. समोर ती पोरं आणि त्यांच्या आया बघून त्याला ते खोटं बोलवेना.

"बाई आता येणार नाय. कधीच नाय," तो म्हणाला. "या गाडीत बसून त्यांचा खुबा गेला. गाडी मी पसंत केलेली. मी नीट बघितली नाय."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांना त्यातलं काय समजलं देव जाणे. गाडी चांगली की वाईट हे त्यांच्यापैकी कोणाला कधी ठरवावं लागलं नव्हतं. एक पोरगं खोकायला लागलं, त्याच्या आईने त्याची पाठ चोळली. शांताबाईने उघड्या दारातून आत वाकून बघितलं, त्या पांढऱ्या मऊ सीटवरून हलकेच हात फिरवला, आणि त्याची समजूत काढावी म्हणून म्हणाली, "असं नका बोलू मामा. छान आहे की गाडी."

"हो," धाकू म्हणाला. "छान आहे." आणि तो खोली उघडून खोकी बाहेर काढायला लागला.